सव्वातीन पट

"बाई, बाजूला व्हा! ट्रक येतोय!"

म्हातारा खांद्यावरचा टॉवेल हलवत थेट रस्त्यात जाऊन उभा राहिला. ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरनं शिवी हासडली, ती कानाआड करून म्हातारा वाकला आणि टेपचं सुटलेलं टोक त्यानं पुन्हा डांबरावर दाबून धरलं.

"हां, घ्या आता मापून."

हडपसरच्या पुढच्या त्या फाट्यावर मंदाकिनी सकाळपासून एकटीच धडपडत होती. समोरच्या चहाच्या टपरीवरून हा म्हातारा मघाशी उठून आला होता आणि काही न विचारता मदतीला लागला होता.

दोन आठवड्यांपूर्वी इथंच तिचा मुलगा गेला. अवधूत सासवडहून कार घेऊन घरी, कसबा पेठेत परत येत होता. फाट्यावरून भाजीचा टेम्पो आडवा आला. धडकेनंतर दोन्ही गाड्या एकमेकींत अडकल्या आणि तशाच फरफटत गेल्या. डांबरावरचे ओरखडे अजून स्पष्ट दिसत होते. टेम्पोवाल्यावर गुन्हा दाखल झाला. मोठी गाडी, म्हणजे चूक तिचीच, असं सगळेच म्हणाले.

तिच्या यजमानांचं, अनंतरावांचं, तेवढ्यानं समाधान होईना. "टेम्पो सुसाट होता हे सिद्ध व्हायला हवं," ते रोज म्हणत. "जन्मभर कॉलेजात पोरींना फिजिक्स शिकवलंस ना? मग काढ की त्याचा वेग. एवढं तरी कर अवधूतसाठी."

ते 'एवढं तरी' मनाला लागलं, म्हणून ती इथवर आली होती.

"तुमी रस्त्याच्या खात्यातल्या का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही हो. इथं अपघात झाला ना, त्यातल्या टेम्पोचा वेग काढायचाय. आत माल किती होता, कुणाला विचारू?"

"मलाच इचारा की. अर्धा टन फ्लॉवर. मीच भरून दिला हुता." तो थांबला. "टेम्पो चालवनारा रविराज माझाच पोरगा हाय. मी सोनबा. डावा पाय मोडून पडलाय तो. कुनाशी बोलत न्हाई. झोपला की चांगल्या पायानं नुसता ब्रेक दाबत ऱ्हातो."

मंदाकिनीनं 'अर्धा टन' टिपून घेतलं.

"तुमी कोन म्हनायच्या?"

"कारमध्ये होता ना, त्याची आई."

सोनबाची मान खाली गेली. आता हा उठून जाणार, असं तिला वाटलं. पण तो तसाच उकिडवा बसून राहिला आणि टेपचं टोक धरून म्हणाला, "सांगा. कुठवर धरू?"

घरी येऊन ती जेवणाच्या टेबलाशी बसली. असली उदाहरणं तिनं वर्गात शेकडो वेळा सोडवून घेतली होती. दोन गाड्या एकमेकींना काटकोनात धडकतात, अडकतात आणि मिळून तिरक्या जातात. जिचा जोर जास्त, तिच्या दिशेला त्या जास्त सरकतात. मालासकट टेम्पो कारच्या दुप्पट जड होता. तरीही ओरखडे कारच्याच दिशेला झुकलेले होते. पुढं सात मीटरच्या वर आणि आडवे जेमतेम सव्वाचार.

ते पाहताच तिला उत्तराचा अंदाज आला होता, तिथंच, रस्त्यावर. तरी तिनं सगळं रीतसर मांडलं. टेम्पो तीसच्या आसपास. अवधूतची कार शंभरच्या घरात.

रस्ता गुळगुळीत असेल, असं म्हणून तिनं घर्षण कमी धरलं. मग जास्त धरलं. दोन्ही वेग बरोबरीनं खालीवर होत, पण त्यांचं एकमेकांशी प्रमाण काही हलेना. सव्वातीन पट. कारच्या ब्रेकच्या खुणा तर तिला रस्त्यावर कुठंच सापडल्या नव्हत्या.

"निघाला?" अनंतराव दारात उभे होते.

"निघाला. टेम्पो हळूच होता, अहो. आपला अवधूत जोरात होता."

"परत कर."

"तीनदा केलंय."

"मग चौथ्यांदा कर! चुकलं असेल कुठंतरी."

"नाही चुकलेलं."

"आई आहेस की मास्तरीण?" एवढं बोलून अनंतराव आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ते कागद पोलीस ठाण्यात नेले. तिथले साहेब वयानं लहान होते. त्यांनी दोनदा वाचलं.

"मॅडम, कार तर तुमच्या मुलाची ना?"

"हो."

"हे त्याच्या विरुद्ध जाईल."

"टेम्पोवाल्यानंही थांबून बघायला हवं होतं, तेही लिहिलंय. पण तो सुसाट नव्हता."

"घरी माहीत आहे?"

"माहीत आहे," ती म्हणाली आणि सही करायला पेन मागितलं. नावापुढं 'मृताशी नातं' लिहिताना मात्र तिचा हात अडला. 'आई' लिहायला तिला बराच वेळ लागला.

ती परतली तेव्हा ऊन उतरत होतं. तांबट आळीतून ठोक्यांचा आवाज येत होता. अनंतराव खिडकीपाशी बसले होते. कालपासून त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता. ती चप्पल काढून त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"दिलेस?"

"दिले."

मग बाहेर बघतच त्यांनी विचारलं, "मंदा, एवढ्या वेगात… त्याला दुखलं असेल का गं?"

तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"नाही हो. कळायलासुद्धा वेळ मिळाला नसेल त्याला."

हे गणित तिनं मांडलं नव्हतं. त्यांनीही 'कशावरून' असं विचारलं नाही. त्यांनी फक्त मान हलवली, आणि अवधूत गेल्यापासून पहिल्यांदाच ते मोठ्यानं रडायला लागले.