मंगळवारच्या चिठ्ठ्या

प्रांजली बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात एचआरमध्ये रुजू होऊन चार महिने झाले, तेव्हा प्लांट मॅनेजर रघुनंदन यांनी तिला बोलावून एक काम सोपवलं. गाड्यांच्या वायरिंगची जुळणी करणाऱ्या लाइनवर दोनशेच्या वर बायका होत्या. त्यांतल्या एकदोघी दर मंगळवारी अर्धा दिवस गायब असायच्या, आणि प्रत्येकीच्या हातात कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सच्या सहीची चिठ्ठी असायची. चिठ्ठीवर कारण मात्र कधीच लिहिलेलं नसायचं. सुपरवायझर कुरकुरत होते. रघुनंदन म्हणाले, जरा बघा काय प्रकार आहे आणि मला लिहून द्या.

नर्सचं नाव धनलक्ष्मी. वय पन्नाशीच्या पुढे. बावीस वर्षं रोज आनेकलहून सकाळच्या बसने येणाऱ्या या बाईला मॅनेजरपासून झाडूवालीपर्यंत सगळे अक्काच म्हणत. प्रांजली नागपूरची, कन्नड जेमतेम दुकानापुरतं. अक्कांचं हिंदी मोडकं, पण अडत नव्हतं.

प्रांजली दवाखान्यात गेली ती चौकशीला आल्यासारखीच ताठ. अक्का एकाच्या कापलेल्या बोटाला पट्टी बांधत होत्या. ते काम नीट पुरं केलं, हात धुतले, मग समोर येऊन बसल्या आणि काहीही न लपवता सांगू लागल्या. त्या चिठ्ठ्या दिवस राहिलेल्या बायकांच्या होत्या, डॉक्टरकडे पहिल्यांदा जाण्यासाठी. आनेकलच्या सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी मंगळवारी व्हायची, म्हणून मंगळवार. कारण लिहिलं की सुपरवायझर वाचणार आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत लाइनभर बभ्रा होणार. तीन महिने पुरे होण्याआधी कुणाला कळू नये असं प्रत्येकीच्या घरी बजावलेलं. त्यामुळे पूर्वी बायका पोट दिसायला लागल्यावरच डॉक्टरकडे जायच्या, चौथ्या-पाचव्या महिन्यात.

“त्यात काय बिघडायचं?” प्रांजलीने विचारलं.

नऊ वर्षांपूर्वी लाइनवरची एक मुलगी सातव्या महिन्यात कामावरच झटके येऊन कोसळली होती. तिचं ब्लड प्रेशर आधीपासूनच जास्त होतं, पण तोवर कुणी मोजलंच नव्हतं. दवाखान्यापासून चाळीस पावलांवर ती रोज बसत होती आणि अक्कांना पत्ता नव्हता. मुलगी वाचली, बाळ गेलं. ते सांगताना अक्कांचा आवाज बदलला नाही. त्या दिवसापासून आपण बायकांना एकच प्रश्न विचारायला लागलो, एवढंच त्या म्हणाल्या. शेवटची पाळी कधी आली? तारीख कळली की त्या बोटांवर आठवडे मोजायच्या आणि आठवा आठवडा उलटायच्या आत चिठ्ठी द्यायच्या.

प्रांजली जागेवर परतली, पण रघुनंदन यांना काय लिहावं ते तिला सुचेना. चिठ्ठ्या नियमात बसत नव्हत्या, हे खरं. आणि त्या बंद करा असं लिहायला हात धजत नव्हता.

हा घोळ मनात असतानाच, तीन आठवड्यांनी, तिची स्वतःची पाळी चुकली. घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा उमटल्या. तनय, तिचा नवरा, आनंदाने खुर्चीतून उठला तो पुन्हा बसायचंच विसरला. नागपूरला आईला फोन केला. आईने आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग बजावलं की तीन महिने कुणाकडे वाच्यता नको. डॉक्टरकडेसुद्धा तिसरा महिना भरल्यावर जा, एवढ्या लवकर जाऊन ते तरी काय करणार? आईचं म्हणणं उगाच नव्हतं. प्रांजलीच्या आधी तिचं एक मूल पोटातच गेलं होतं, आणि सगळ्या आळीला आधी सांगून बसल्यामुळे पुढे वर्षभर तिला भेटेल त्याला उत्तर द्यावं लागलं होतं. तनयने जयनगरमधल्या एका डॉक्टरीणबाईंची बाराव्या आठवड्यातली वेळ ठरवून टाकली.

दोन दिवसांनी छातीत जळजळायला लागलं म्हणून प्रांजली गोळी मागायला दवाखान्यात गेली. अक्का डबा उघडता उघडता सवयीने विचारत्या झाल्या की दुसरं कुठलं औषध चालू आहे का. थायरॉइडची गोळी, चार वर्षं, रोज सकाळी, असं प्रांजलीने सांगितलं. अक्कांनी डबा खाली ठेवला, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उठून दार लोटून घेतलं. मग तो एकच प्रश्न विचारला.

प्रांजलीने तारीख सांगितली. सहावा आठवडा नुकताच लागला होता. आईचं म्हणणं आणि बाराव्या आठवड्यातली वेळ, तेही तिने सांगून टाकलं.

“तुमच्या आई बरोबरच बोलतात, मॅडम,” अक्का म्हणाल्या. “गावाला सांगू नका. पण डॉक्टर म्हणजे गाव नाही.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. बाकीच्यांना त्या आठव्या आठवड्याच्या आत जा म्हणत. पण जिची साखरेची, प्रेशरची, फिटची किंवा थायरॉइडची गोळी आधीपासून चालू आहे, जिचं आधी एखादं गेलं आहे, जिला दुखतंय किंवा रक्त जातंय, तिने आठवडे मोजत बसायचंच नाही. दिवस राहिल्याचं कळलं की लगेच फोन करायचा. पहिले काही महिने बाळाची भिस्त आईच्या थायरॉइडवर असते, आणि जुनी मात्रा पुष्कळदा कमी पडते. ती आपल्या मनाने वाढवायची नाही, बंदही करायची नाही. डॉक्टरांना विचारायचं.

“बारावा आठवडा नको,” त्या म्हणाल्या. “उद्याच जा.”

दुसऱ्या दिवशी तनय आणि ती जयनगरला गेले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं, फोलिक ॲसिडची गोळी सुरू केली, सोनोग्राफी केली. पडद्यावर एक काळा ठिपका दिसला, पण ठोके दिसले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून लवकर आहे, दहा दिवसांनी पुन्हा पाहू. संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉइडचा आकडा पार बिघडलेला होता. गोळीची मात्रा त्याच दिवशी वाढवण्यात आली.

ते दहा दिवस सरता सरेनात. डॉक्टरकडे जाऊन आल्याचं आईला कळवलं होतं, पण ती फोनवर त्यावर काही बोलायची नाही, आणि तिचं न बोलणंच प्रांजलीला टोचायचं. चौथ्या दिवशी ती अक्कांकडे गेली आणि जरा तोडूनच म्हणाली की तुम्ही पाठवलं नसतं तर हा घोर तरी लागला नसता. बाराव्या आठवड्यात गेले असते, सरळ ठोके ऐकले असते.

दुसऱ्या कुणी ‘सगळं चांगलं होईल’ म्हणून पाठीवरून हात फिरवला असता. अक्कांनी तसं केलं नाही.

“होतं असं,” त्या म्हणाल्या. “लवकर गेलं की कधीकधी नुसती वाट बघावी लागते. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, मॅडम. पण गोळी वाढली ना? ती सहा आठवडे उशिरा वाढली असती.”

मग पाण्याचा पेला समोर ठेवला आणि प्रांजली उठेपर्यंत शेजारी बसून राहिल्या. बाहेर दोघंतिघं खोळंबले होते, त्यांना त्यांनी “स्वल्प थांबा” म्हणून सांगितलं. प्रांजलीला त्या क्षणी जाणवलं, की या बाईने आपल्याला खोटा धीर दिला नाही, म्हणूनच आपण तिच्यावर इतका भरवसा टाकू शकतो.

दहाव्या दिवशी पडद्यावर ठोके दिसले. लुकलुक, लुकलुक, एवढंसं काहीतरी. तनयने चष्मा काढून पुसला.

त्या आठवड्यात प्रांजलीने रघुनंदन यांच्यासाठी टिपण लिहिलं. चिठ्ठ्या बंद करा असं त्यात नव्हतं. डॉक्टरकडच्या पहिल्या भेटीसाठी हक्काची अर्धा दिवस रजा असावी, त्यासाठी सुपरवायझरला कारण सांगावं लागू नये आणि नर्सची सही पुरेशी धरावी, असं होतं. रघुनंदन यांनी ते दोनदा वाचलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना प्रश्न पडला होता.

“दुसऱ्या महिन्यात एवढी काय घाई असते?” त्यांनी विचारलं. “तिसरा महिना झाल्यावर जाता येत नाही का? आमच्या घरी तर तसंच झालं.”

प्रांजलीचा आठवा आठवडा लागला होता. नागपूरला दिलेला शब्द तिला आठवत होता. पण समोर दोनशे बायकांचा नियम होता आणि याहून खरं उत्तर तिच्याजवळ नव्हतं.

“सर, मी सहाव्या आठवड्यात गेले,” ती म्हणाली. “गेले नसते तर आज माझ्या बाळाला जे औषध पुरेसं मिळतंय ते मिळालं नसतं. आणि मी शिकलेली आहे, माझ्याजवळ फोन आहे, गाडी आहे. तरी मला जायला अक्कांनाच सांगावं लागलं.”

रघुनंदन यांनी तिचं अभिनंदन केलं आणि टिपणावर सही केली. हे माझ्याकडून बाहेर जाणार नाही, असंही म्हणाले, आणि त्यांनी ते पाळलं.

रात्री तिने आईला सगळं सांगितलं, मॅनेजरसमोर बोलून गेल्याचंही. आई म्हणाली, ती वाढवलेली गोळी उपाशीपोटी घेतेस ना? लगेच चहा पीत नाहीस ना? आणि त्या नर्सबाईंना माझा नमस्कार सांग. माझ्या वेळी मला असं विचारणारं कुणी नव्हतं.

पुढे प्रांजलीला मुलगी झाली. ती दीड महिन्याची असताना एका दुपारी अक्कांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. लाइनवरची एक मुलगी दवाखान्यात आली होती. दोन महिन्यांनी तिचं लग्न होतं. तिला साखरेचा आजार होता, आणि मूल व्हावं असं ठरवलं तर त्याच्या किती आधी डॉक्टरांना भेटावं, असं ती विचारत होती.

“मग तुम्ही काय सांगितलंत?” प्रांजलीने विचारलं.

“आधी तिला खुर्ची दिली,” अक्का म्हणाल्या. “बावीस वर्षांत इतक्या आधी आलेली ही पहिलीच.”