माझ्या एकविसाव्या पानाची किळस

मी आरोग्य विम्याची पुस्तिका बोलतेय. अठ्ठावीस पानांची, गुळगुळीत कागदाची. माझ्या मुखपृष्ठावर एक नवरा, एक बायको आणि दोन मुलं दात दाखवून हसताहेत. त्यातली बायको का हसतेय, हे मला आजवर कळलेलं नाही. तिनं माझं एकविसावं पान वाचलं नसावं.

मला माझीच किळस येते, हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकलंत तर तुम्हालाही येईल.

छापले गेले मी रायपुरात, पण माझ्या पोटात काय असावं हे ठरलं भिलाईत, देवानंदसाहेबांच्या केबिनमध्ये. साहेब मूळचे वर्ध्याकडचे. पोलाद कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि लोखंडी सुटे भाग करण्याचा स्वतःचा कारखाना काढून बसले. विम्याचा एजंट म्हणाला, हप्ता कमी हवा असेल तर काहीतरी गाळावं लागेल. साहेबांनी चहात बिस्किट बुडवत विचारलं, "आपल्याकडे बाया किती आहेत?"

"नऊ," टिकाराम म्हणाला. टिकाराम म्हणजे हजेरी, पगार, विमा असं सगळं बघणारा कारकून.

"मग नऊ जणींसाठी एवढं काहून भरायचं? ते बायकांचं सगळं काढून टाका. हर्निया राहू द्या, पोरं वजन उचलतात."

तेवढ्यात बिस्किट तुटून चहात पडलं. साहेबांना हळहळ वाटली ती त्याची. 'ते बायकांचं सगळं' म्हणजे बाळंतपण, पाळीचे विकार, गर्भाशयाच्या गाठी. ते माझ्या एकविसाव्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं गेलं, आणि खाली लिहिलं की यांचा खर्च मिळणार नाही.

मग मी रत्नमालाच्या हाती आले. ती भिलाईतच, कोहक्याला राहते, नवरा बळीराम सायकली दुरुस्त करतो. ती बारा वर्षं साहेबांच्या कारखान्यात माल रवाना करायचं काम बघते. गेल्या वर्षी तिला बढती मिळाली, तिनं सगळ्यांना पेढे वाटले. पगार मर्यादेच्या वर गेला म्हणून ती सरकारी कामगार विम्यातून बाहेर पडली आणि त्याच्या बदल्यात तिला मी मिळाले. जुन्या विम्यात तिचं ऑपरेशन सहज झालं असतं. तिला हे कोणी सांगितलं नाही. तिनं मला घरी नेलं, देवाजवळ ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा तिला महिन्यातले बारा-चौदा दिवस रक्त जायचं. ती गडद रंगाच्याच साड्या नेसायची आणि एक जास्तीची साडी ऑफिसातल्या कपाटात ठेवायची. उठताना आधी खुर्चीकडे वळून बघायची. डॉक्टरीण म्हणाली, गर्भाशयात मोठी गाठ आहे, अंगात रक्त उरलेलं नाही, आता महिनाभरही थांबू नका.

ती मला पिशवीत घालून टिकारामकडे आली. टिकाराम तिच्या नवऱ्याच्या ओळखीचा, मराठी मंडळातला, तिला वैनी म्हणणारा. त्याच्यासमोर 'गर्भाशय' हा शब्द तिच्या तोंडून निघेना.

"भाऊ, ते... पोटाचं आपरेशन सांगितलं डॉक्टरनं."

त्यानं कागद वाचला. मग मला उघडलं, एकविसाव्या पानाशी थांबला आणि त्याचे कान लाल झाले.

"वैनी, हे असं लिवलं तर साहेब वाचतीन, एजंट वाचतीन. बरं नाही दिसत. अन् पासही होत नाही. मी हर्निया लिवतो."

"खोटं लिवायचं?"

"पोटातलंच तं आहे ना!"

त्याच्या मनात वाईट नव्हतं, हेच जास्त वाईट. त्याला खोटं लिहायची लाज वाटली नाही, खरं लिहायची वाटली. रत्नमालानं मान खाली घालून सही केली.

भिलाईच्या पावर हाउस भागातल्या एका खासगी दवाखान्यात ती सकाळी भरती व्हायला गेली. विम्याच्या खिडकीवर दोन कागद शेजारी ठेवले गेले. टिकारामच्या अर्जावर हर्निया, डॉक्टरिणीच्या चिठ्ठीवर गर्भाशय. खिडकीतल्या माणसानं सगळ्या रांगेसमोर विचारलं, "मॅडम, नेमकं काय झालंय तुम्हाला?" तासाभरात विमा कंपनीचं उत्तर आलं: खोटी माहिती, अर्ज नामंजूर. रत्नमाला दवाखान्याचे कपडे उतरवून, आपली साडी नेसून परत निघाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. तिच्याकडे मी, त्यांच्याकडे माफीनामा. 'मी आजाराची खोटी माहिती देऊन संस्थेची बदनामी केली.' टिकाराम कोपऱ्यात उभा होता. "यांनी सांगितलं तसं मी लिहिलं," तो म्हणाला. थुंकता आलं असतं तर मी तेव्हाच थुंकले असते.

रत्नमालानं त्याच्याकडे एकदा बघितलं. मग मला उघडून एकविसावं पान मोठ्यानं वाचलं, अडखळत, शेवटच्या ओळीपर्यंत.

"मले हर्निया नाही, साहेब. गर्भाशयात गाठ आहे. चौदा-चौदा दिवस रक्त जाते. हे तुमच्यापुढं बोलायले मी लाजत होती. तुम्ही मात्र हे छापून घेतलं, तुम्हाले काही नाही वाटलं?"

"अहो, हळू! बाहेर माणसं आहेत," साहेब म्हणाले. एवढी वर्षं लोखंड कापलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या एका शब्दानं शिसारी आली. सोमवारपर्यंत सही करा, नाहीतर कामावर येऊ नका, असं सांगून त्यांनी मला टिकारामच्या टेबलावर टाकलं.

शनिवारी ट्रक भरला जात असताना रत्नमाला फाटकाशी कोसळली. जमिनीवर रक्त होतं, ते बघून ड्रायव्हर पाठ फिरवून उभे राहिले. स्टोअरमधली संघमित्रा, वयानं सगळ्यांत लहान, तिनं आपली ओढणी तिच्या कमरेला गुंडाळली आणि ऑटोतून तिला दुर्गच्या सरकारी दवाखान्यात नेलं. माणसांनी काय केलं? पाण्याचा पाइप आणून ती जागा धुतली.

साहेबांनी टिकारामला सांगितलं, "अपघाताच्या रजिस्टरात ऊन लागून चक्कर आली एवढंच लिही."

टिकारामनं रजिस्टर माझ्या शेजारी उघडलं. पेनाचं टोपण काढलं. संघमित्राचा फोन आला. त्यानं विचारलं, "किती बाटल्या रक्त?" मग फोन ठेवून त्यानं ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'गर्भाशयात गाठ. रक्तस्राव. आपल्या विम्यात हा आजार घेतलेला नाही. हर्निया मी लिहिला होता, बाईंनी नाही.' खाली पूर्ण नावाची सही केली.

रत्नमालाचं ऑपरेशन दुर्गला झालं. ती वाचली. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. माफीनाम्यावर तिची सही नाही आणि साहेबांनी तिची जागा भरायची जाहिरात काढली आहे. रजिस्टरातलं ते पान फाडायचा हुकूमही निघाला. टिकारामनं अजून ते फाडलेलं नाही. किती दिवस टिकेल, कोण जाणे.

माझी मुदत या महिन्याअखेर संपते. माझ्या जागी येणारी नवी पुस्तिका कालच आली, मुखपृष्ठावर तेच हसणारं कुटुंब. मी तिचं एकविसावं पान बघितलं. एक अक्षर बदललेलं नाही.

तुमच्या कपाटातही माझी एखादी बहीण पडली असेल. तिला हळदकुंकू वाहू नका. तिला उघडा आणि घरातल्या बायकांसमोर मोठ्यानं वाचा, बाहेर माणसं असली तरी.