चहाचा निरोप

एल्डोरेट शहरात कोंबडीची पिल्लं विकणारे किपतानुई म्हातारे झाले होते, पण हट्ट काही गेला नव्हता. पिल्लं तयार झाली की सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम निरोप धाडायचा, म्हणून त्यांना स्वतःचा पाच आकडी नंबर हवा होता. फोन कंपनीतली नाफुला त्यांचा अर्ज भरत होती.

"बाबा, गिऱ्हाइकानं उलट काही लिहिलं, तर त्याला आपोआप काय उत्तर जायचं, ते इथं सांगावं लागतं."

"लिही. चहा घेतल्याशिवाय जाऊ नका."

नाफुलाला हसू आवरेना. "आता फोनमधून चहा पाजणार का?"

"आमची बायको जेरोतिच होती तोवर दारातून एक गिऱ्हाईक कोरडं गेलं नाही. दोन वर्षांमागे तिला पुरलं, तिची रीत नाही पुरली! लिही मुकाट्यानं."

तिनं लिहिलं.

महिन्याभरानं नंबर मंजूर झाला. नाफुलानं फोन करून सांगितलं, "बाबा, तुमच्याच फोनवरून एकदा पाठवून बघा."

किपतानुई टोपी घालून बाहेर निघाले होते. उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी नव्या नंबरवर लिहिलं, 'निघालो.'

फोन लगेच थरथरला. 'चहा घेतल्याशिवाय जाऊ नका.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. टोपी काढून खुंटीला अडकवली, चूल पेटवली, फळीवरचं पातेलं काढलं. मग आठवलं, एकट्यासाठी कशाला उकळायचा म्हणून दोन वर्षांत या घरात दूधच आलं नव्हतं.