उलटा बसलेला पत्रा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. पत्रा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गंजका, पावसात ताशासारखा वाजणारा लोखंडी पत्रा येईल. तो मी नव्हे. मी पॉलिकार्बोनेटचा आहे. काचेसारखा उजेड आत सोडतो आणि काचेसारखा फुटत नाही, अशी आमच्या जातीची कीर्ती आहे. ती माझ्यापुरती खोटी ठरली. कशी, ते ऐका.

एका कारखान्यात दाणे वितळवून मला घडवलं. वर एक पातळ पापुद्रा, खाली एक पातळ पापुद्रा आणि मधे उभ्या पोकळ नळ्या, अशी माझी बांधणी. माझ्या एकाच अंगाला उन्हाशी झुंजणारा थर दिला होता, केसाहूनही पातळ. दोन्ही अंगांवर प्लॅस्टिकची फिल्म चिकटवली आणि थराच्या बाजूच्या फिल्मवर ठळक अक्षरांत छापलं: ‘ही बाजू वर’. फिल्म निघाली की माझं उलटं कोणतं आणि सुलटं कोणतं, हे माणसाला नुसतं बघून कळत नाही. मला मात्र कळतं. माझं सगळं दुःख या एका गोष्टीत आहे.

दुकानात आम्ही भिंतीला टेकून उभे होतो. एके दिवशी तिथे एक शिवणकाम करणारी बाई आली. तिला सगळे ताई म्हणत. शाळांचे गणवेश शिवून तिने घर उभं केलं होतं, पण घरातली खोली अंधारी होती आणि तिचे डोळे दमू लागले होते. म्हणून मागच्या अंगणात छप्पर टाकून मशीन तिकडे न्यायचं ठरलं होतं. सोबत तिचा धाकटा भाऊ होता, वेल्डिंगचं काम करणारा. दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकतो म्हणून लोक त्याला एक्सप्रेस म्हणत. त्यालाही ते नाव आवडायचं.

दुकानदार एकेक पत्रा उन्हात धरून दाखवू लागला. ताईने पिशवीतून सुई, काळा दोरा आणि दोन चिंध्या काढल्या, एक काळी आणि एक गडद निळी. प्रत्येक पत्र्याखाली ती उभी राही आणि सुईत दोरा ओवून बघे. अगदी पारदर्शक पत्र्याखाली डोळे दिपले आणि डोकं तापलं. निळ्याखाली तिला दोन्ही चिंध्या सारख्याच दिसल्या. तपकिरी पत्र्याखाली दोरा सापडेना. मग ती माझ्याखाली आली. मी दुधी रंगाचा. दोरा पहिल्या झटक्यात ओवला गेला आणि काळा काळाच, निळा निळाच दिसला. तिने वर बघून माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाली की हाच.

दुकानदाराला पातळ माल खपवायचा होता, पण एक्सप्रेस त्यातला जाणकार. पातळ पत्रा वाऱ्यात पापडासारखा फडफडेल, असं म्हणून त्याने जाड मालच काढायला लावला. माझ्यासकट चार पत्रे गाडीत चढले. निघताना दुकानदाराने तीनदा बजावलं, की छापील बाजू वर घ्या आणि पत्रा पक्का बसेपर्यंत फिल्म पूर्ण काढू नका. एक्सप्रेस हसला. त्याने अशी छपरं ढिगाने केली होती.

काम मात्र त्याने खरंच नेटकं केलं. पाइपचा सांगाडा सरळ, भिंतीकडून अंगणाकडे पुरेसा उतार, माझ्या नळ्या उताराच्या दिशेने. उन्हात आम्ही फुगतो म्हणून स्क्रूची भोकं जरा मोठी पाडली. नळ्यांची वरची तोंडं टेपने बंद केली. पण ऊन चढू लागलं, फिल्म तापून अंगाला चिकटू लागली, आणि त्याला संध्याकाळी दुसरीकडे जायचं होतं. तीन पत्रे बसले होते. उरलेल्या माझ्यावरच्या दोन्ही फिल्म त्याने जमिनीवरच ओरबाडून काढल्या आणि मला भिंतीला टेकवून तो पाणी प्यायला गेला. परत आला तेव्हा त्याने मला उचललं, शिडीवर चढवलं आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीवर तो थबकला. त्याने मला फिरवलं. पुन्हा फिरवलं. उजेडात तिरकं धरून बघितलं.

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर! तो पंधरा-वीस सेकंद तसाच उभा राहिला, मग त्याने ओठ घट्ट मिटले आणि मला बसवून टाकलं. माझा उन्हाशी झुंजणारा थर खाली अंगणाकडे गेला आणि उघडं अंग आकाशाकडे.

पहिली दोन वर्षं कौतुकाची गेली. ताईचं मशीन माझ्याखाली चाले. तिच्या सासूबाई बरोब्बर माझ्याखाली खुर्ची टाकून काजं-बटणं करायच्या. या सासूबाईंची जीभ सुईहून धारदार होती. पण उजेडाचं श्रेय त्या मोकळेपणाने एक्सप्रेसला देत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वर बघायला लावत.

तिसऱ्या उन्हाळ्यात मी पिवळा पडू लागलो. माझे तीन सोबती दुधासारखे आणि मी जुन्या कागदासारखा. सासूबाई म्हणाल्या की या पत्र्याला कावीळ झालीय. ताईला वाटलं, शेजारच्या इस्त्रीचा धूर असेल. दर महिन्याला ती शिडीवर उभी राहून, लांब दांड्याला फडकं बांधून साबणाच्या पाण्याने मला घासू लागली. पिवळेपणा तसूभरही हलेना. तिच्या कष्टाची मला लाज वाटे. कारण डाग अंगावर नव्हता, अंगातच होता. ऊन रोज मला थोडं थोडं खात होतं. मी कडक होत होतो, ठिसूळ होत होतो, आणि स्क्रूच्या भोकांशी केसासारख्या रेषा उमटू लागल्या होत्या.

एक्सप्रेस महिन्या-दोन महिन्यांनी येई. पहिल्यांदा त्याने मला पिवळा बघितला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. ताईने विचारलं की चारांतला हा एकच असा का. तो म्हणाला, एखादा माल खराब निघतो. पुढल्या खेपेला बदलून देतो, असंही म्हणाला. ती खेप आलीच नाही. मात्र त्यानंतर तो आला की आधी सासूबाईंची खुर्ची उचलून दुसऱ्या पत्र्याखाली ठेवायचा. कधी म्हणे इथे झळ लागते, कधी म्हणे तिथे वारा बरा. तो गेला की सासूबाई खुर्ची पुन्हा जागेवर ओढून घ्यायच्या. मला वाटायचं, आता सांगेल. प्रत्येक वेळी तो वर बघायचा आणि नजर खाली घ्यायचा.

अशी सात वर्षं गेली.

मग ती दुपार आली. आदल्या दिवशी वाऱ्याने शेजारच्या झाडाची एक जाड फांदी मोडून भिंतीलगत आमच्यावर आडवी पडली होती. तिच्यामागे पाला तुंबला, पाणी साचलं आणि भिंतीच्या सांध्यातून खाली शिवलेल्या गणवेशांच्या गठ्ठ्यावर ठिबकू लागलं. संध्याकाळी मोठं वादळ येणार असं रेडिओ सांगत होता. ताईने भावाला फोन केला, त्याने उचलला नाही. तेव्हा तिने शिडी लावली, पहिल्या तीन पत्र्यांवर आधाराच्या पाइपांना धरून फळी टाकली आणि ती वर चढली. सासूबाईंना तिने आत जायला सांगितलं होतं. दोन बटणं राहिलीत, असं म्हणून त्या माझ्याखालीच बसून राहिल्या.

ताई फळीवरून रांगत पुढे आली. फांदी आता हातभर अंतरावर होती. ती फांदी हलली, माझ्या अंगावर घासली. वारा उठू लागला होता. ताईने एक हात माझ्यावर टेकवला. मी करकरलो, पण वाऱ्यात तिला ते ऐकू गेलं नाही.

त्याच वेळी एक्सप्रेस अंगणात शिरला. मिस्ड कॉल बघून तो तसाच आला होता. सवयीने तो आधी खुर्चीकडे वळला, आणि त्याने वर बघितलं. माझ्या पिवळ्या अंगातून त्याला बहिणीच्या पंजाची सावली दिसली. त्या पंजाशेजारी गुडघ्याची सावली उतरत होती.

“ताई, थांब. पुढे येऊ नकोस.”

“आलीच फांदी हाताशी,” ती वरून म्हणाली, आणि तिचा गुडघा माझ्यावर टेकला.

“ताई, तो पत्रा उलटा बसलाय. मीच बसवलाय. तो तुझं वजन पेलणार नाही.”

 मग माझ्यातून आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. एका भोकापासून चीर निघाली आणि तिच्या गुडघ्याच्या दिशेने बोटभर सरकली. ताई गोठली. गुडघा उचलावा तर सगळा भार हातावर, आणि हातही माझ्यावरच.

एक्सप्रेसने सासूबाईंना खुर्चीसकट मागे ओढलं. कपडे कापायचं टेबल माझ्याखाली ढकललं, त्यावर उभा राहिला आणि दोन्ही तळवे खालून माझ्या अंगाला लावले, बरोब्बर तिच्या गुडघ्याखाली. त्याच्या तळव्यांचा जोर मला खालून जाणवत होता. तिच्या गुडघ्याचा भार वरून. मधे मी होतो, आणि मित्रांनो, मी माझ्या आयुष्यात इतका जोर कधी लावला नाही.

तो हळू आवाजात सांगू लागला. स्क्रूंची रांग दिसते ना, तिच्याखाली पाइप आहे. हात उचलू नकोस, घासत त्या रांगेवर ने. नेला. आता भार हातावर आणि मागच्या पायावर घे. घेतला. चीर आणखी एक वीत सरकली. माझ्या खालच्या पापुद्र्याचा टवका उडून त्याच्या मनगटात घुसला, तरी त्याने तळवे काढले नाहीत. आता गुडघा मागे. ताईने श्वास रोखला आणि गुडघा फळीवर घेतला.

ती शिडीवरून उतरली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. सासूबाई खुर्चीवर तशाच बसून होत्या. त्या एवढंच बोलल्या, “म्हणून माझी खुर्ची सरकवत होतास होय रे.”

वादळाला अजून तास-दीड तास होता. दोघांनी आकड्याने फांदी ओढून काढली, माझे स्क्रू सोडवले, मला खाली घेतलं आणि मोकळ्या जागी ताडपत्री आवळून बांधली. एकमेकांशी ते फक्त “धर” आणि “सोड” एवढंच बोलले. शेवटची गाठ मारून झाल्यावर ताईने त्याच्या मनगटावर पट्टी बांधली आणि मान वर न करता विचारलं, कधीपासून माहीत होतं.

“शंका पहिल्याच दिवशी आली होती. खात्री तिसऱ्या वर्षी झाली.”

“पत्रा उलटा बसला, हे मी उद्या विसरेन,” ताई म्हणाली. “मी दर महिन्याला तो घासत होते आणि तू खाली बसून बघत होतास, ते कसं विसरू?”

 लाज वाटत होती, आज सांगू उद्या सांगू म्हणता राहून गेलं, असं काहीतरी तो पुटपुटला. ताई आत निघून गेली.

दोन दिवसांनी त्याने नवा पत्रा आणला. या वेळी त्याने फिल्म फक्त कडेने बोटभर सोडवली, पत्रा बसेपर्यंत छापील अक्षरं आकाशाकडे ठेवली आणि वर चढवण्याआधी सासूबाईंना शिडीपाशी बोलावून ती अक्षरं मोठ्याने वाचायला लावली. त्यांनी ती चारदा वाचली, शाळेतल्या मुलीसारखी. ताई दारात उभी होती. ती हसली नाही. काम झाल्यावर तो मला खांद्यावर घेऊन गेला आणि त्यानंतर आठ महिने त्या घरी गेला नाही. बोलावणंही आलं नाही.

तेव्हापासून मी त्याच्या वर्कशॉपच्या दाराशी उभा आहे. छप्पर करून घ्यायला कोणी आलं की तो आधी मला दाखवतो. वरून पिवळा, खालून चांगला, मधे चिरलेला. हे कोणी केलं, असं लोक विचारतात. पहिल्या वेळी हे उत्तर द्यायला त्याला फार वेळ लागला होता. आता तो लगेच सांगतो, “मीच.” ते ऐकून काही जण उठून जातात. तो त्यांना थांबवत नाही. पूर्वीसारखी घाईही करत नाही. एक्सप्रेसची पॅसेंजर झाली, अशी लोक थट्टा करतात.

एका सकाळी तो एका गिऱ्हाइकाला हेच सांगत असताना दारात ताई येऊन उभी राहिली. त्याची पाठ तिच्याकडे होती. मला ती दिसत होती. “बहीण वर होती, तिची सासू खाली होती,” तो सांगत होता, “आणि दोघींना माहीत नव्हतं ते एकट्या मला माहीत होतं.” ताईने सगळं ऐकलं. मग ती आत आली. तिच्यासोबत तिच्या गल्लीतली एक बाई होती, तिला गच्चीवर छप्पर टाकायचं होतं.

एक्सप्रेस वळला आणि हातातला मोजायचा टेप हातातच राहिला.  ताई त्या बाईला म्हणाली, “हा माझा भाऊ. याच्याकडूनच करून घे. मी सांगते म्हणून.”

तो माप लिहून घ्यायला वहीवर वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

मित्रांनो, मी आता कुणावर सावली धरणार नाही. पण माझं एक ऐका. घरावर छप्पर चढवताना पत्र्याची बाजू नीट बघा, त्यावर थेट पाय देऊ नका, तो रंग बदलू लागला तर का बदलतो ते विचारा. आणि तुमच्या हातून काही उलटं बसलं, तर ते त्याच दिवशी सांगा. त्या दिवशी फार तर चार स्क्रू काढावे लागतात.