पालीची निम्मी गव्हाण

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत आणि माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढणारे त्याहून जास्त. दोघांवरही माझा जीव नाही. मी गव्हाण आहे. गोठ्यात गुरांपुढे वैरण टाकतात ना, ती लाकडी गव्हाण. गोड गोष्ट ऐकायला आला असाल तर आधीच सांगते, माझ्या गोष्टीत एकमेकांशी धड बोलणारी माणसं फार थोडी आहेत.

पाली गावाच्या वर, राजगडाच्या पोटाशी, मोजक्या घरांचा एक धनगरवाडा आहे. तिथल्या ओढ्याकाठी मी जांभळाचं झाड म्हणून वाढले. एका वादळात मुळासकट आडवी झाले. कोंडिबा नावाच्या धनगराने माझ्या फांद्या जळणाला नेल्या आणि खोड बैलांनी घरी ओढून आणलं. तो काही सुतार नव्हता. पावसाळाभर ओसरीवर बसून लाकूड तासायच्या वाकसाने त्याने मला आतून पोखरलं. मला गुळगुळीत करायची त्याला अक्कल नव्हती आणि सवडही नव्हती. ते काम पुढे गुरांच्या जिभांनी केलं. तरी आल्यागेल्या पाहुण्याला तो मला हौसेने दाखवायचा. हिच्यातून वैरणीची काडी खाली सांडत नाही, असं सांगायचा. माझं एवढंच कौतुक झालं, आणि तेवढ्यावर मी पुष्कळ वर्षं काढली.

कोंडिबाला दोन मुलगे होते, थोरला गेनबा आणि धाकटा म्हादू. बाप गेल्यावर त्यांनी वाटणी केली. भांडी वाटली, मेंढरं वाटली, गोठ्याच्या मधोमध कूड घातला. मला मात्र वाटता येईना, कारण मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांब. शेवटी कूड माझ्यापाशी थांबवला आणि अर्धी मी गेनबाची, अर्धी म्हादूची, असं ठरलं. एका संध्याकाळी गेनबाच्या म्हशीने मान लांबवून म्हादूच्या गाईपुढची वैरण खाल्ली. म्हैस भुकेली होती, बाकी काही नाही. वाटणी तिला कुठून ठाऊक असणार? पण म्हादूच्या बायकोने, सोजराबाईने, तिच्या नाकाडावर काठी हाणली. गेनबाची बायको धावून आली. दोघींनी एकमेकींचे आईबाप काढले. दुसऱ्या दिवशी गेनबाने माझ्या बरोबर मध्यावर एक फळी उभी केली आणि लांब खिळ्यांनी ठोकली. ते खिळे माझ्या अंगात उतरले तेव्हा दोन्ही भाऊ समोर उभे होते. ठोकणारा थांबला नाही, आणि पाहणाऱ्याने त्याला थांबवलं नाही.

गेनबाचा मुलगा सिद्धनाथ तेव्हा लहान होता. आधी तो सोजराबाईच्या ताटात जेवायचा, तिला "काकी, तू" म्हणायचा. फळी ठोकल्यापासून तो तिला "तुमी" म्हणू लागला. आमच्याकडे घरच्या बाईला असा मान दिला की समजावं, माया संपली.

पुढे दोन्ही भाऊ वारले. सोजराबाईच्या मुली नांदायला गेल्या आणि तिच्याजवळ एक गाय तेवढी उरली. सिद्धनाथने म्हशी विकल्या आणि पालीच्या खाली एका रिसॉर्टवर नोकरी धरली. राजगडावर येणारे लोक तिथे उतरतात. राहायला मात्र तो वाड्यावरच, सोजराबाईच्या अंगणापलीकडच्या घरात. त्याच्या बाजूची मी रिकामी पडले. कोळ्यांनी जाळी केली, पालींनी अंडी घातली. सोजराबाई आपली बाजू रोज झाडून काढायची, पण फळीपलीकडे तिने कधी चिमूटभर वैरण टाकली नाही, की केरसुणी फिरवली नाही. तिला मी चांगली म्हणत नाही. मी कुणालाच चांगलं म्हणत नाही.

गेल्या डिसेंबरात रिसॉर्टच्या मालकीणबाईंनी नाताळ करायचं ठरवलं. त्यांचं नाव शेफाली. राहणाऱ्या पुण्याच्या. गोठ्याचा देखावा करायचा आहे आणि त्याला खरी, जुनी गव्हाण हवी, असं त्यांनी सिद्धनाथला सांगितलं. तो म्हणाला, आमच्या घरची आहे की, माझ्या एकट्याचीच. सोजराबाई वेल्ह्याच्या बाजाराला गेलेली पाहून तो दोन गडी घेऊन आला, फळी उपटून फेकली आणि मला टेम्पोत चढवलं. गाय गाभण होती, दिवस भरत आलेले. माझ्यात सकाळची वैरण अजून शिल्लक होती. ती त्याने पायाने खाली लोटली. गाय हंबरली, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही.

रिसॉर्टवर मला तारेच्या ब्रशने घासलं. गुरांच्या जिभांनी आणलेली झिलई त्यात गेली. वर वासाचं व्हार्निश फासलं, काठांना घंटा ठोकल्या, आत कापूस पसरून त्याला बर्फ म्हटलं. राजगडाखाली बर्फ! भोरच्या दुकानात दिवाळीचे आकाशकंदील उरले होते. त्यातले चांदणीचे निवडून माझ्यावर टांगले. मग माझ्यात एक प्लॅस्टरचं बाळ निजवलं, अंगठ्याएवढ्या डोळ्यांचं, सुबक. पण फोटोत सगळं रिकामं रिकामं दिसतं, असं कुणीतरी म्हणालं. म्हणून शेफालीबाईंनी पुण्याहून रंगीत चकचकीत कागद आणि फिती आणवल्या. सिद्धनाथने पाण्याच्या बाटल्यांची रिकामी खोकी त्या कागदात गुंडाळली आणि माझ्यात रचली. भेटवस्तूंचा ढीग झाला. बाळ त्याखाली गेलं, एक हात काय तो बाहेर राहिला.

पाहुणे आले. त्यांनी घरूनच चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं की कुणी कुणाला गुपचूप भेट द्यायची. त्यामुळे सगळे खरेदीच्या गोष्टी करत होते. कुणी पुण्यात दुकानं पालथी घातलेली, कुणी मोबाईलवर मागवलेलं आणि ते अजून न पोचल्याने चिडलेलं. एका बाईला आपल्या जाऊबाईचं नाव निघालं होतं. आपण मुद्दाम तिच्या नावडत्या रंगाची साडी घेतली आहे, असं ती माझ्या काठावर बसून मैत्रिणीला हसत सांगत होती. मी ऐकून घेतलं. गोठ्यातही असंच चालतं, फक्त तिथे कागद नसतो.

त्या सगळ्या गर्दीत माझ्याकडे नीट पाहणारी एकच होती. ती स्वयंपाकघरात काम करणारी प्रेरणा. नगरकडची, ख्रिस्ती घरातली, आता आईबरोबर पालीत राहणारी. तिने पहिल्याच दिवशी शेफालीबाईंना सांगितलं होतं की ही खोकी इथे शोभत नाहीत. पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांनी बाळाला भेटी आणल्या होत्या, हे खरं. म्हणून तर नाताळला भेट द्यायची रीत. पण त्यांनी त्या बाळापुढे ठेवल्या, बाळावर रचल्या नाहीत. शेफालीबाईंनी ऐकून घेतलं आणि पाहुण्यांना आवडतंय ना, मग राहू दे, म्हणाल्या. प्रेरणा रोज भांडी घासून झाली की येऊन त्या बाळाच्या तोंडावरचं एक खोकं बाजूला सरकवायची. दुपारपर्यंत कुणीतरी ते पुन्हा जागेवर ठेवायचं.

नाताळच्या दिवशी सकाळी सोजराबाई खाली आली. मला कुणी नेलं ते तिला बाजारातून परतल्या दिवशीच कळलं होतं. सिद्धनाथ आपणहून परत आणेल म्हणून तिने वाट पाहिली. त्याने ती आणली नाही. गाय जमिनीवरची वैरण तुडवायची, त्यावरच शेण टाकायची आणि मग तोंड फिरवायची. पोटुशी गाय अर्धपोटी राहू लागली, तेव्हा सोजराबाई डोंगर उतरली.

ती सरळ माझ्यापाशी आली. कुणाला काही विचारलं नाही. एक एक खोकं उचलून जमिनीवर ठेवू लागली. पहिलं खोकं उचलताना तिने दोन्ही हात लावले, आणि ते इतकं हलकं निघालं की तिचा तोल गेला. तिने ते कानाशी हलवून पाहिलं. पाहुणे मोबाईल काढून उभे राहिले. सिद्धनाथ पळत आला.

"काकी, हितं तमाशा करू नका. घरी जा."

"कुणाला इचारून आणलीस?"

"निम्मी माझी हाय."

"निम्मी तुझी हाय. मंग सगळी कशी आणलीस?"

तेवढ्यात शेफालीबाई आल्या. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं, हे मी कबूल करते. गव्हाण त्याच्या एकट्याची आहे असं सिद्धनाथने आपल्याला सांगितलं होतं, असं त्या सगळ्यांसमोर बोलून गेल्या. एक तारखेला आपण स्वतः गाडीने पोचती करू आणि तोवर गाईसाठी प्लॅस्टिकचा मोठा टब देऊ, असंही म्हणाल्या.

सोजराबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. खोकी काढून झाल्यावर तिला कापसावरचं बाळ दिसलं होतं. तिने विचारलं, हे कुणाचं पोर इथे निजवलंय?

प्रेरणा स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली. "मावशी, हा येशूबाळ. याची आई अवघडलेली, परगावी आलेली. उतरायला कुठं जागा मिळाली नाही. तेव्हा याला गव्हाणीत निजवलं. त्याची ही आठवण."

"वैरणीवर?"

"वैरणीवर."

"आन् ही खोकी?"

"ती त्या गोष्टीत नव्हती," प्रेरणा म्हणाली.

सोजराबाईने बाळाच्या अंगावरचा कापूस झटकला. मग सिद्धनाथकडे वळली. आवाज चढवला नाही. "परक्याच्या लेकराला लोकांनी गव्हाण दिली. तू माझ्या गाभण गाईच्या तोंडापुढनं उचलून आणलीस. आन् घातलंस काय तिच्यात, तर वारा."

पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं. ते हसू सोजराबाईच्या बोलण्याला होतं की सिद्धनाथला, ते मला कळलं नाही. त्याने ते स्वतःवर घेतलं. मालकीणबाईंसमोर तो खोटा ठरला होता आणि आता लोक हसत होते. तो मागच्या खोपीत गेला आणि जळण कापायची करवत घेऊन आला.

"निम्मीच पायजे न्हवं तुमास्नी? न्या निम्मी."

शेफालीबाईंनी त्याला थांबायला सांगितलं. त्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, तो सोजराबाईकडे बघत होता. फळीच्या खिळ्यांची भोकं होती तिथे त्याने करवत टेकवली. प्रेरणाने घाईने बाळ उचलून ओढणीत घेतलं.

मित्रांनो, या जागेवर मला दोघांचाही सारखाच राग आहे. करवत टेकवून त्याने ती ओढली नव्हती. सोजराबाईने एवढंच म्हटलं असतं, की नको रे, तर तो थांबला असता. करवतीचे दाते माझ्या अंगावर होते, मला कळत होतं, तो थांबायचं निमित्त शोधत होता.

सोजराबाई म्हणाली, "काप."

त्याने कापलं. जांभळाचं जुनं लाकूड, सहज कापलं जात नाही. तो घामाघूम झाला, मध्ये दोनदा थांबला, दोन्ही वेळा त्याने तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा ती खाली माझ्याकडेच बघत होती. शेवटी मी मोडून दोन्हीकडे कलंडले. घंटा खणखणल्या. पाहुण्यांनी मोबाईल खाली केले, आणि आता जेवायला काय आहे, असं कुणीतरी हळूच विचारलं.

मी कुठल्या निम्म्यात उरले, असं तुम्ही विचाराल. मी डोंगर चढलेल्या निम्म्यात आहे. खाली राहिलेल्या निम्म्याला काय वाटतं, ते आता मला समजत नाही. हे सांगताना मला लाज वाटत नाही, भीती वाटते.

मला वर नेताना एक टोक सोजराबाईने धरलं आणि दुसरं प्रेरणाने. प्रेरणाने बाळ स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं होतं; रजा मागितली नव्हती, एप्रनही काढला नव्हता. गोठ्यात मला ठेवल्यावर सोजराबाईने तिला ताक दिलं. तुमच्यात आज सण ना, मग तुझ्या घरी कोण आहे, असं विचारलं. आई आहे, वाट बघत असेल, म्हणून प्रेरणा उठली. पुन्हा ती दिसली नाही. तिची नोकरी राहिली की गेली, ते आमच्यापर्यंत आलं नाही.

माझी कापलेली बाजू उघडी होती. सोजराबाईने तिथे दगड लावून माती थापली. वैरण तरीही सांडते. व्हार्निशच्या वासाने गाय आधी जवळ येईना. सोजराबाईने कोयत्याने मला खरवडलं, राखेने घासलं, ताक शिंपडलं, तेव्हा कुठे गाईने तोंड घातलं. पुढे ती व्याली. कालवड झाली, पण अंगाने अगदी किरकोळ. ती जगली, याचं श्रेय सोजराबाईच्या जागरणांना आहे, तिच्या हट्टाला नाही.

आणि ते दुसरं निम्मं? नाताळ संपला, कापूस आणि चांदण्या पोत्यात भरल्या, मग ते तुकडे झालेलं लाकूड कुणाला हवं होतं? होळीच्या आधी रिसॉर्टवरचे गडी ते जळणाच्या ढिगावर टाकायला निघाले म्हणे, तेव्हा सिद्धनाथने ते खांद्यावर घेतलं. वाड्यावर आणलं आणि दोन घरांच्या मधल्या अंगणात ठेवलं. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. सोजराबाईने दारातून पाहिलं. बाहेर आली नाही, पण दारही लावलं नाही.

तेव्हापासून ते तिथेच आहे. उन्हाने त्याला तडा गेला आहे. सोजराबाई पाण्याला जाताना त्याला वळसा घालून जाते. सिद्धनाथ कामावर जाताना दुसऱ्या बाजूने वळसा घालतो. वळसे घालून घालून अंगणात दोन पायवाटा पडल्या आहेत.

मित्रांनो, सणाला भेट जरूर द्या. पण ती कुणाच्या पुढ्यातून उचलून आणू नका, आणि उचललीच असेल तर लवकर परत करा. वेल्ह्यात चांगला सुतार आहे, आम्हां दोघींना तो पुन्हा जोडू शकेल. मात्र त्याला बोलवायला काकी-पुतण्यापैकी एकाला तरी जावं लागेल. पावसाळा जवळ आला आहे, आणि ओलं झालेलं लाकूड जोडता येत नाही.