कवड्याचे कान

बैल भडकल्याशिवाय पळत नाही, असं त्या काळी सेनगावाकडची झाडून सारी गावं मानत. म्हणून शंकरपटाच्या शर्यतीत जोडी दाणीवर, म्हणजे धावेच्या पट्ट्यावर, उभी राहिली की लोक डबे बडवायचे, शेपट्या पिरगाळायचे, कोणी तर बैलांना मोहाची दारू पाजायचे. आता याला शहाणपण म्हणायचं का, ते बैलांनाच विचारा!

तांड्यावरच्या वसरामनं गेल्या साली हे सगळं हौसेनं केलं होतं. त्याचा बैल कवड्या असा सुटला, की अर्ध्यातच दाण सोडून माणसांत घुसला. नशीब, कोणी मेलं नाही. तांड्यावर परतताच बाप, सेवा, एवढंच म्हणाला, "आनखी एकडाव दाण सोडली, का हिंगोलीच्या बाजारात इकून टाकीन." सेवा उगाच बोलणारा माणूस नव्हता. आणि कवड्याची माय मेल्यावर वसरामनंच त्याला बोटं चोखायला देऊन दूध पाजलं होतं. 

वसरामची आई जिवनबाई मात्र हसली. लहानपणी ती धान्य-मीठ लादलेल्या बैलांबरोबर मुलूखभर चालली होती. "नदीला पानी असलं, का लादलेला बैल बिचकतो," ती म्हणाली. "बडवून जातो व्हय त्यो? आमी त्याच्याजवळ गुणगुणायचो. कान ताठ ऱ्हायले तर थांबायचं. पार पडले तर त्यो पेंगला, त्याला चुचकारायचं. कान हलून राहिले, का मंग सोडायचं."

सारा हिवाळा वसराम कवड्याच्या कानाशी गुणगुणत राहिला. तांडा खो खो हसला. हसणाऱ्यांचं काय जातं!

पटाच्या दिवशी शेजारी कनेरगावच्या पाटलाची जोडी फुरफुरत उभी राहिली. डबे वाजू लागले. कवड्याच्या जोडीमागे छकडीवर बसून वसरामनं सूर धरला. पण कवड्याचे कान ताठच्या ताठ.

"याडी, ह्यो ऐकून न्हाई राहिला!" तो आईकडे बघून ओरडला.

गर्दी अडवणाऱ्या दोराच्या पलीकडून जिवनबाई कडाडली, "त्याचं काय बघतू? तुझे हात बघ! कासरा त्याला समदं सांगून राहिला!"

वसरामनं खाली पाहिलं. त्याचेच हात लटलटत होते. सारा हिवाळा आपण बैलाला शांत करत आलो आणि स्वतः मात्र इथं पेटून बसलो आहोत, हे त्याला आत्ता उमजलं. त्यानं कासरा जरा सैल सोडला, डोळे मिटले आणि पुन्हा सूर धरला, या खेपेला स्वतःसाठी. छातीतली धडधड हळूहळू बसली, तरी अंग जागं होतं. डोळे उघडले तेव्हा कवड्याचा एक कान हलला, मग दुसरा.

झेंडी पडली. वसरामनं फक्त एकदा चुचकारलं आणि सूर तसाच चालू ठेवला.

पुढे जे झालं ते सांगायला त्याला जन्मभर शब्द सापडले नाहीत. दोन्ही बाजूंनी माणसं बेभान ओरडत होती. गेल्या साली बैल जिथं बिथरला, तिथं पोरांनी त्याच्या तोंडाशीच डबा बडवला. आणि वसरामनं पाहिलं, कवड्याचा एक कान मागे वळलेला होता. त्याच्याकडे! एवढ्या गलक्यात ते मुकं जनावर फक्त त्याचं गुणगुणणं ऐकत होतं. वसरामच्या अंगावर सरसरून काटा आला. पाटलाची जोडी कधी मागे पडली, त्याला कळलंही नाही.

बैल थांबले, तशी गर्दी धावली. वसमतचा एक व्यापारी सगळ्यांना ढकलत सेवापाशी आला. "बोला, काय घेता कवड्याचं? मागाल ते देतो!"

वसराम कवड्याला बिलगला. बाजाराची भाषा बापानंच काढली होती. सेवानं घामेजलेल्या बैलाकडे पाहिलं, मग त्याच्या गळ्यात तोंड खुपसून उभ्या राहिलेल्या पोराकडे पाहिलं. 

"एकला न्हाई पळत त्यो बैल," सेवा म्हणाला. "संगं ह्यो पोरगाबी न्यावा लागंल. आन पोरगं मी इकत न्हाई."