चौघांचं वजन

विमान घ्यायचं खूळ काटेवाल्यांच्या डोक्यात शिरलं ते त्यांच्या सासूबाई गेल्या त्या दिवशी. बायकोचं माहेर डोंगरांच्या पलीकडे, गाडीने तेरा तास. निरोप सकाळी आला आणि म्हातारे वडील, धाकटी मुलगी धरून ही चौघं तिथे पोचली तेव्हा सगळं आटोपून माणसं परतीला लागली होती. बायको दारातच मटकन बसली. त्यांची मोठी मुलगी लग्न होऊन त्याच गावात राहत होती, तिने आईला उठवून आत नेलं. परतताना सातव्या तासाला काटेवाले स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "पुन्हा असं होऊ द्यायचं नाही."

दुसऱ्या एखाद्याने फार तर गाडी बदलली असती. यांनी विमान शोधायला घेतलं.

विमान म्हटलं की लोकांना वाटतं, माणूस गडगंज असणार. तसं काही नव्हतं. दुकानांचे, गोदामांचे, दवाखान्यांचे वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. घरामागच्या शेडमध्ये त्यांची कार्यशाळा. गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावरचा सामानाचा काटा दुरुस्त करायला म्हणून ते गेले आणि तिथल्या फ्लाइंग क्लबात अडकले ते अडकलेच. दोन वर्षं रविवार घालवून त्यांनी लायसन्स मिळवलं. बायको म्हणायची, लोकांचे नवरे पत्ते खेळतात, माझा वर जाऊन येतो. आता मात्र तो छंद राहिला नव्हता. क्लबातले एक म्हातारे दातांचे डॉक्टर नजर अधू झाली म्हणून आपलं विमान विकत होते. चार सीटचं, एका पंख्याचं, रंग विटलेलं, वयाने काटेवाल्यांच्या धाकट्या मुलीच्या दुप्पट. गावाबाहेरचा प्लॉट विकला की ते येत होतं. त्यातून डोंगरापलीकडचं गाव पावणेदोन तासांवर येणार होतं.

ती धाकटी मुलगी बारा वर्षांची. लहानपणी गालात घास कोंबून बसायची म्हणून तिला सगळे खारू म्हणत. मोठी बहीण सासरी गेली तेव्हापासून ती वर्षातून एकदाच होणाऱ्या भेटीची वाट पाहायची. विमानाची गोष्ट निघाली तशी ती बाबांच्या खनपटीलाच बसली. किती उंच जाणार, खिडकी उघडते का, दर महिन्याला ताईकडे जाता येईल का. येईल, म्हणाले बाबा.

घ्यायच्या आधी विमान तपासून घ्यावं म्हणून काटेवाल्यांनी हँगरमधल्या मेकॅनिकला गाठलं. त्याने दिवसभर इंजिन उघडून पाहिलं, यंत्र ठणठणीत आहे म्हणाला, मग हात पुसत त्याने विचारलं की माणसं किती. चार, म्हटल्यावर तो हसला.

"चार सीट दिसतायत म्हणून चार माणसं बसवू नका, साहेब. टाक्या अर्ध्या ठेवल्यात तर बसतील चौघं, पण डोंगर ओलांडायच्या आतच इंधन संपेल, आणि मधे उतरायला जागा नाही. टाक्या भरल्यात तर माणसं आणि सामान मिळून दोनशे साठ किलो. त्यावर एक किलोही नाही. आणि घरच्यांना वजन विचारू नका, काट्यावर उभं करा. वजनाच्या बाबतीत घरचीच माणसं जास्त थापा मारतात."

हे बोलणं दुसऱ्या कोणाला जाचक वाटलं असतं. काटेवाल्यांना ते आपल्या भाषेत कोणीतरी बोलल्यासारखं वाटलं. त्याच रविवारी त्यांनी घरातल्या सगळ्यांना शेडमध्ये नेऊन एकेकाला प्लॅटफॉर्मच्या काट्यावर चढवलं, चपला काढून, खिसे रिकामे करून. ते स्वतः शहाऐंशी. बायको एकोणसत्तर. त्यांचे वडील, आप्पा, चौऱ्याहत्तर. खारू एक्केचाळीस. दोन बॅगांचे आठ. बेरीज दोनशे अठ्ठ्याहत्तर.

अठरा किलो जास्त होत होते. दातांच्या डॉक्टरांनी सहा महिने थांबायचं कबूल केलं, कारण विमान चांगल्या घरी जावं अशी त्यांची इच्छा होती. सहा महिन्यांत तीन मोठ्या माणसांनी अठरा किलो कमी करायचे, यात अवघड काय आहे, असं काटेवाले म्हणाले. त्यांनी जाड कागदावर तक्ता आखला आणि स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी चिकटवला. दर रविवारी वजन, दर रविवारी नोंद. तक्त्यात रकाने मात्र चार होते.

"हिचा कशाला?" बायकोने विचारलं. "वाढतं वय आहे तिचं."

"तिला कमी कर असं कोण म्हणतंय? नुसतं लिहायचं. बेरीज चौघांचीच होणार ना?"

अर्धवट तक्ता ठेवणं नवऱ्याच्या स्वभावात नाही हे बायकोला ठाऊक होतं. आपण त्या दिवशी तो कागद टरकावून का टाकला नाही, हे पुढे ती कितीतरी दिवस स्वतःला विचारत राहिली.

पहिला महिना सगळ्यांनी जोर केला. काटेवाले सकाळी धावू लागले, बायकोने साखर सोडली, आप्पांनी दुपारचं खाणं बंद केल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या महिन्यात जोर ओसरला. काटेवाल्यांचे पाच उतरले आणि तिथेच अडले. बायकोचे दोन. आप्पांच्या उशीखाली बिस्किटांचा पुडा सापडला आणि त्यांचा आकडा जिथल्या तिथे आला. चोरी पकडली गेल्यावर आप्पा चिडून म्हणाले, "हे बघ, मला वगळ आणि मोकळा हो. मी घर सांभाळतो. एका म्हाताऱ्यापायी कशाला सगळ्यांना उपाशी मारतोस?"

"नाही," काटेवाले म्हणाले. "जायचं तर चौघांनी. चौघं बसत नसू तर विमान नको."

हे त्यांनी आप्पांवरच्या मायेने म्हटलं, त्यात खोट नव्हती. पण टेबलाशी खारू बसली होती, आणि तिने ते ऐकलं. आप्पा येणार नाहीत किंवा विमानच येणार नाही, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं. तक्ता तर समोरच होता. मोठ्यांचे आकडे हलत नव्हते. उरला तिचा.

पुढच्या रविवारी खारूचा आकडा एकदम दीड किलोने खाली आला तेव्हा काटेवाल्यांना शंका आली. मुलीची नव्हे, काट्याची. त्यांनी तिला खाली उतरवलं, पेटीतली प्रमाणित वजनं एकावर एक ठेवून काटा तपासला, स्क्रू पिळला, पुन्हा तपासला. काटा चोख होता. त्यांचं समाधान झालं. त्यांनी खारूला पुन्हा वर उभं केलं, आकडा लिहिला आणि तिची पाठ थोपटली.

"बघा," ते आप्पांना म्हणाले, "ही एवढीशी पोर, आणि हिला जमतं."

खारूचा चेहरा असा उजळला की कोणालाही आनंद व्हावा. काटेवाल्यांना झाला.

त्यानंतर दर रविवारी ती सगळ्यांच्या आधी शेडमध्ये हजर असायची. बायकोला काहीतरी खुपत होतं. पोरीचे फ्रॉक आखूड होत होते आणि तेच फ्रॉक कमरेत ढगळ होत होते. भर उन्हाळ्यात ती स्वेटर घालून बसायची. हिचं खाणं कमी झालंय, असं बायकोने दोन-तीनदा काढलं. काटेवाल्यांनी तिची समजूत घातली की मुली या वयात उंच होतात, तेव्हा बारीक दिसतातच. शाळेचा डबा रोज रिकामा येत होता, म्हणून तीही मग फार ताणायची नाही. आणि खरं सांगायचं तर बेरीज खाली येत होती. दोनशे सत्तर झाली, मग सदुसष्ट. काटेवाल्यांनी दोन बॅगांची एक केली, चार किलो वाचवले. घरात सगळे त्या एका आकड्याकडे डोळे लावून बसले होते, आणि बारा वर्षांची मुलगी महिनोन्महिने हलकी होत जाते याचा अर्थ काय, हे त्या घरात कोणी विचारलं नाही. ज्याच्या हातून हजारो काटे दुरुस्त झाले त्याने तर नाहीच नाही.

सहाव्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी बेरीज दोनशे साठ आली. बरोब्बर दोनशे साठ. काटेवाल्यांनी ती दोनदा केली. अठरापैकी सात किलो एकट्या खारूचे होते. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, घेतो म्हणून सांगितलं, मंगळवारी सह्या करायचं ठरलं. खारूने आप्पांच्या कमरेला मिठी मारली. आप्पा तिच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता थांबले, आणि सुनेकडे बघून काही बोलणार होते, पण तेवढ्यात काटेवाले हसत आत आले.

सोमवारी शाळेच्या जिन्यात खारू कोसळली.

रुग्णालयात त्यांना बाहेर बसवलं. दोन तासांनी मुलांच्या डॉक्टरीणबाई आल्या, आणि मुलीच्या हृदयाचे ठोके फार मंद आणि अनियमित झालेत, अजून काही सांगता येत नाही, असं म्हणाल्या. हे कधीपासून चालू आहे, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. काटेवाल्यांनी खिशातून घडी केलेला तक्ता काढला. मंगळवारी सह्यांच्या वेळी दाखवायला म्हणून त्यांनी तो सकाळीच भिंतीवरून उतरवून ठेवला होता.

डॉक्टरीणबाईंनी चौथ्या रकान्यावरून वरून खाली बोट नेलं. रकाना सव्वीस आठवड्यांचा होता.

"ही वजनं बरोबर आहेत?"

"शंभर ग्रॅमचाही फरक नाही," काटेवाले म्हणाले. बोलून गेले. आयुष्यभर गिऱ्हाइकांना ते हेच वाक्य याच आवाजात सांगत आले होते. डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं, आणि त्या नजरेसमोर त्यांना स्वतःचं वाक्य ऐकू आलं.

"हा तक्ता कोणी ठेवला?"

"मी."

त्यांनी कागद फाइलला लावला आणि त्या आत गेल्या. बायको काटेवाल्यांपासून दोन खुर्च्या सोडून बसली. ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

मंगळवारी दुपारी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. वाट बघतोय, म्हणाले, आणखी एक गिऱ्हाईक मागे लागलंय, पण शब्द तुम्हाला दिलाय. काटेवाल्यांनी रुग्णालयाच्या पायऱ्यांवर उभं राहून सांगितलं की मला नको, त्यांना देऊन टाका. कारण विचारलं तेव्हा त्यांनी फोन ठेवला.

चौथ्या दिवशी खारूचे ठोके जरा सावरले. धोका टळलेला नव्हता, पण तिला बोलू देत होते. नळीतून तिला अन्न जात होतं आणि ती नळीकडे रागाने बघत होती. आई बाहेर गेल्यावर तिने हळूच विचारलं, "बाबा, घेतलंत ना विमान?"

काटेवाल्यांनी या प्रश्नाची चार दिवस धास्ती घेतली होती. नको म्हटलं असं सांगितलं तर पोरीने इतके महिने जे सोसलं ते फुकट गेलं असं तिला वाटणार. घेतलं असं सांगितलं तर ती त्या दोनशे साठच्या आत राहायला पुन्हा स्वतःला उपाशी ठेवणार. म्हणून त्यांनी मधली वाट काढून ठेवली होती. आपण उशीर केला, असं ते म्हणाले, तेवढ्यात दुसऱ्याच कोणीतरी येऊन विमान घेऊन गेलं.

खारू छताकडे बघत राहिली.

"मी अजून लवकर कमी केलं असतं तर मिळालं असतं ना आपल्याला?"

चार दिवस विचार करून शोधलेलं खोटं असं सरळ जाऊन तिलाच लागलं होतं.

"नाही गं. कोणी नेलं नाही," ते घाईघाईने म्हणाले. "ते आपलंच होतं. मी नको म्हटलं."

"का?" तिला खरंच कळत नव्हतं. "आता तर बसत होतो ना आपण सगळे? आप्पासुद्धा?"

"हो."

"माझ्यामुळेच बसत होतो ना?"

"हो," काटेवाले म्हणाले, कारण ते खरं होतं.

मग ती रडायला लागली, आवाज न करता, तोंड भिंतीकडे करून. आल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. काटेवाले पलंगाशी वाकले आणि त्यांनी तिच्या पाठीखाली हात घातले, लहानपणी उचलून घ्यायचे तसे. तिथेच ते थांबले. वस्तू हातात घेतली की तिचं वजन त्यांना काट्याशिवाय कळायचं, किलोला किलो, इतक्या वर्षांची हातांना ती सवय लागलेली. तिला उचलण्याची त्यांची हिंमत झाली नाही. हात तसेच तिच्या पाठीखाली ठेवून ते आई परत येईपर्यंत वाकून उभे राहिले.